उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग गोळीने टाळता येतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि विषय घरचाच आहे.

आम्ही पंधरा वर्षं ब्रिस्बेनला आहोत. नवऱ्याचं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण २००९ साली मुंबईत झालं, सासूबाईंनी त्यांचं एक मूत्रपिंड दिलं. तेव्हापासून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज चालू आहेत. तब्येत उत्तम. शनिवारी क्रिकेट, रविवारी बागकाम.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर तांदळाच्या कणीएवढी खपली दिसायला लागली. पडायची, परत यायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका. पहिल्या दवाखान्यात इसब म्हणून मलम दिलं, सात महिने आम्ही ते लावत बसलो. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र पाहताक्षणी बायॉप्सी केली. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग. कानाचा तेवढा त्रिकोणी तुकडा काढून टाके घातले. आता मनगटाच्या मागे अजून दोन खरखरीत डाग निघाले, ते द्रव नायट्रोजनने गोठवून घालवले. डॉक्टर म्हणाल्या, अजून येतील, नजर ठेवा.

रुंद काठाची टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन, दुपारी घरात, हे सगळं सुरू झालंय, त्यामुळे ते कृपया सांगू नका. माझा प्रश्न वेगळा आहे. वाचायला बसले की पी-५३, कॉक्स-२, हेजहॉग, एमटॉर असे शब्द येतात आणि प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं की हे 'लक्ष्य' आहे, इथे औषध लागू पडेल. इथल्या ओळखीच्या एक बाई निकोटिनामाइडच्या गोळ्या घेतात आणि आम्हालाही घ्या म्हणतात. खरंच पेशीच्या आत शिरून हा रोग आधीच अडवता येतो का? कोणाला नीट माहिती असेल तर समजावून सांगा. मी बी.कॉम. आहे, सोपं करून सांगा.

कृष्णाकाठ
वाचतोय. तुमच्या यजमानांना लवकर आराम पडो. आमचे वडील साठ वर्षं उसाच्या रानात उघड्या पाठीने राबले, त्यांना काही झालं नाही. मग हा आजार गोऱ्या लोकांचाच म्हणायचा का?

कैरीचं_लोणचं
रानजाई, मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. दवाखाना आटोपला की सविस्तर लिहिते. तोवर एकच, प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं गणित सगळ्यांपेक्षा वेगळं असतं. ओळखीच्यांची गोळी आज सुरू करू नका.

पेशीपुराण
माझं काम पेशींवरच चालतं, म्हणून मी आधी पाया घालतो. औषधांचं डॉक्टर सांगतील.

उन्हातली अतिनील किरणं दोन प्रकारची आपल्यापर्यंत पोचतात, युव्हीए आणि युव्हीबी. युव्हीबी त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएवर पडली की शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. घाईत सदरा घालताना दोन बटणं एकाच काजात अडकावीत, तसं. दुपारच्या उन्हात थोडा वेळ उभं राहिलं तरी एकेका पेशीत अशा कितीतरी गाठी पडतात. हे रोज होतं, तुम्हालाही आणि मलाही.

पेशीकडे त्याची व्यवस्था असते. काही प्रथिनं डीएनएवरून हात फिरवत जावं तशी फिरतात, गाठ सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना कापून सुमारे तीस अक्षरांचा तुकडा बाहेर काढतात आणि ती जागा नव्याने विणतात. हे काम कसं चालतं ते उलगडल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते अशी मुलंही असतात. त्या आजाराला झीरोडर्मा पिगमेंटोझम म्हणतात. अशा मुलांना शाळेच्या वयातच त्वचेचे कर्करोग होतात. दुरुस्तीतला हाच दोष त्यामागे आहे हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं.

गाठ सुटली नाही आणि पेशीने तशीच नक्कल काढली, तर सी या अक्षराच्या जागी टी बसतं. कधी कधी लागोपाठच्या दोन सींच्या जागी दोन टी. हा उन्हाचा अंगठा. दुसरं कोणतंही कारण इतका स्पष्ट ठसा सहसा सोडत नाही. १९९१ मध्ये डग्लस ब्रॅश यांच्या गटाला हाच अंगठा त्वचेच्या कर्करोगातल्या पी-५३ या जनुकावर उमटलेला सापडला.

पी-५३ म्हणजे पेशीतला मुकादम. नुकसान थोडं असेल तर तो म्हणतो, थांबा, आधी दुरुस्ती करा. फार असेल तर पेशीला मरायला लावतो. कडक ऊन लागल्यावर जी साल निघते, त्यात अशा मुकादमाच्या हुकमाने मेलेल्या पेशी असतात. मुकादमच बिघडला की खराब पेशी मरत नाही. शेजारच्या चांगल्या पेशी उन्हाने मरतात, जागा रिकामी होते आणि ही तिथे पसरते.

२०१५ मध्येच एक काम प्रसिद्ध झालं, ते मी अजून विसरलेलो नाही. ५५ ते ७३ वयाच्या चार माणसांच्या पापण्या लोंबत होत्या म्हणून जास्तीची कातडी काढली होती. दिसायला ती अगदी निरोगी. तिचे बारीक बारीक तुकडे करून डीएनए वाचला, तर सुमारे पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढ्या पेशींमध्ये कर्करोगाकडे नेणारा किमान एक बदल आधीच होता. पापणीवर, जिथे आपण सनस्क्रीन लावतही नाही! म्हणजे बी पडलेलं असतंच. ते उगवू द्यायचं की नाही, एवढंच हातात राहतं. तुम्ही वाचलेली सगळी 'लक्ष्यं' त्या वाटेवरची नाकी आहेत: गाठ सुटणं, दाह, वाढीचे निरोप आणि शेवटी प्रतिकारशक्तीचा पहारा.

मुक्ताई७१
किती सुंदर समजावलंत. दोन बटणं एका काजात, आता आयुष्यभर विसरणार नाही.

सायकलवारी
+१. रोज सकाळी सात ते अकरा सायकल चालवतो, आज पहिल्यांदा पापण्यांचा विचार केला.

देवरुखकर
आम्ही घारे, गोरे, कोकणस्थ. इथे सिडनीत डॉक्टर मला दर वर्षी पूर्ण अंग तपासायला बोलावतात. बायको सावळी आहे, तिला काही म्हणत नाहीत. डोळ्यांच्या रंगावर असतं का हे?

कैरीचं_लोणचं
आले. आधी कृष्णाकाठ आणि देवरुखकर यांना उत्तर देते.

आम्ही डोळ्यांपेक्षा त्वचा ऊन लागल्यावर काय करते ते बघतो. काही जण लाल होऊन सोलतात, काही जण काळवंडतात. काळवंडणं हा पेशींचा बचाव आहे. इथेही तोच पी-५३ कामाला येतो. नुकसान दिसलं की वरच्या थरातल्या पेशींमधून तो एक निरोप पाठवतो, तो रंगपेशींच्या एमसी-१-आर नावाच्या कुलपात किल्लीसारखा बसतो आणि गडद मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारा पदार्थ, तयार होतं. लाल केसांच्या आयरिश, स्कॉटिश माणसांत हे कुलूपच सदोष असतं. ते कितीही उन्हात बसले तरी काळवंडत नाहीत, फक्त भाजतात. बहुतेक घाऱ्या कोकणस्थांचं कुलूप चालू असतं, नुसता रंग फिका. देवरुखकर, तुम्ही सावळ्यांइतके सुरक्षित नाही आणि आयरिश माणसाइतके उघडेही नाही. पण राहता सिडनीत, तेव्हा वर्षाची तपासणी चुकवू नका.

आपल्याकडे शेतात राबणाऱ्या गडद त्वचेच्या माणसाला उन्हाने होणारा कर्करोग क्वचित होतो, हे कृष्णाकाठ यांचं निरीक्षण बरोबर आहे. पण 'आपल्याला त्वचेचा कर्करोग होतच नाही' हे चूक. आपल्याकडे तो वेगळ्या जागी येतो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर येतो, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर येतो. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, तळपायावर येतो, त्याचा उन्हाशी संबंध नसतो. काश्मिरात पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं भांडं, धरून पोटावर आणि मांड्यांवर येतो. आणि कमरेवर. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. साडीच्या परकराच्या नाडीने घासून घासून कमरेवर काळा, खरखरीत पट्टा झालेल्या बायका मी आजही बघते. पट्टा पांढरा पडत असेल, भेगाळत असेल, जखम भरत नसेल तर दाखवा. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी वापरा आणि गाठीची जागा बदलत राहा.

मुक्ताई७१
अगं बाई! माझ्या आईच्या कमरेवर असा पट्टा आहे. एका ठिकाणी चीर पडलीय, ती कोकम तेल लावते. या आठवड्यात घेऊन जाते.

कैरीचं_लोणचं
आठवड्याची वाट बघू नका, उद्याच जा. बहुतेक वेळा साधंच निघतं, पण बघितल्याशिवाय कळत नाही.

काजूबोंड
मी कळंगुटचा. लहानपणापासून किनाऱ्यावर विदेशी पाहुणे भाजून लाल होताना बघतोय. इंग्लंडचे एक आजोबा तीस वर्षं दर हिवाळ्यात येतात, त्यांच्या नाकाचा शेंडा आता कातडीचा तुकडा लावून शिवलेला आहे. ते सांगतात, तरुणपणी अंगाला खोबरेल तेल लावून पडायचो. आमच्या किनाऱ्यावरच्या मालीशवाल्या बायका अजूनही तेच तेल लावून त्यांना उन्हात झोपवतात. कोणीतरी सांगायला हवं.

सूर्यउपासक
सगळे उन्हाला घाबरवताय. भारतात ड जीवनसत्त्वाची केवढी कमतरता आहे! आपण सूर्याला अर्घ्य देणारे लोक. सनस्क्रीन विकणाऱ्यांनी ही भीती पसरवली आहे. सकाळी अर्धा तास उघड्या अंगाने उन्हात बसा, काही होत नाही.

कैरीचं_लोणचं
सूर्यउपासक, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. नागपुरात राहणाऱ्या सावळ्या, निरोगी माणसाला मी त्वचेच्या कर्करोगाच्या भीतीने घरात बसायला कधीच सांगणार नाही. पण हा धागा ब्रिस्बेनच्या, प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत तीनातल्या दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कर्करोग होतो असं तिथले लोक सांगतात, आणि बहुतेक वस्ती युरोपीय वंशाची. तिथेच क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावात १९९२ ते १९९६ अशी साडेचार वर्षं १,६२१ लोकांचा अभ्यास झाला. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावलं, बाकीच्यांनी आपापल्या मर्जीने. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेलचे कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. नंतर दहा वर्षं मागोवा घेतला तर मेलॅनोमाही जवळपास निम्मे. ही भीती विकण्यासाठी पसरवलेली नाही. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं रोज ट्यूब पिळून हे सिद्ध केलंय.

चांदणं
या धाग्यावर लिहू की नको, असा विचार दोन दिवस करत होते.

मला जन्मतः आल्बिनिझम आहे. नाशिकची मी. 'भारतीय त्वचेला काही होत नाही' हे वाक्य मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा ऐकलं. माझी त्वचाही भारतीयच आहे, फक्त तिच्यात मेलॅनिन बनत नाही. शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं केलं की दुपारपर्यंत मानेवर फोड यायचे. आईने गणवेशाच्या बाह्या मनगटापर्यंत लांब शिवून घेतल्या, तर वर्गशिक्षिकेने 'गणवेशात बसत नाही' म्हणून उसवायला लावल्या. आई त्या रात्री परत शिवत बसली होती, तो मशीनचा आवाज अजून कानात आहे.

आता मी पस्तिशीची आहे. गालावरचे दोन डाग काढून झालेत. दर सहा महिन्यांनी तपासणी. सनस्क्रीन महिन्याला दोन ट्यूब लागतात आणि तो खर्च मला स्वतःला करावा लागतो, कारण सगळे त्याला सौंदर्यप्रसाधन समजतात. माझ्यासाठी ते औषध आहे. टांझानियात मोशी इथल्या त्वचारोग केंद्रात आल्बिनिझम असलेल्यांसाठी किलिसन नावाचं सनस्क्रीन तिथेच बनवतात आणि वाटतात, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. आपल्याकडे का नाही?

पेशींमधली लक्ष्यं शोधणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. रंगच नसलेल्या त्वचेसाठी काही चाललंय का?

रानजाई
चांदणं, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठ
ताई, मी वर जे बोललो ते अर्धवट होतं. माफ करा.

पेशीपुराण
चांदणं, चाललंय, पण अजून हाती आलेलं नाही. २०१७ मध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटाने एक छोटा रेणू त्वचेवर लावून, ऊन न दाखवता, प्रयोगशाळेतला माणसाच्या कातडीचा तुकडा गडद करून दाखवला. तो एमसी-१-आरच्या कुलपाला वळसा घालून आतला एसआयके नावाचा खटका बंद करतो. लाल केसांच्या लोकांना त्याचा उपयोग होऊ शकेल. आल्बिनिझममध्ये बहुधा मेलॅनिन बनवणारं यंत्रच सदोष असतं, तिथे हा मार्ग पुरेल अशी खोटी आशा मी देणार नाही. तुमच्यासाठी कापड आणि सनस्क्रीन हेच आज सगळ्यात मोठं औषध आहे आणि ते फुकट मिळायला हवं, यावर मी कुठेही सही करायला तयार आहे.

आणि मेलॅनिन ही संपूर्ण ढाल नाही, हेही सांगतो. ब्रॅश यांच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं की युव्हीए थांबल्यावर, अंधारातसुद्धा, तीन तासांहून जास्त वेळ रंगपेशींमध्ये नव्या गाठी पडत राहतात, आणि त्यात मेलॅनिनचाच हात असतो.

दुसरा_चहा
अवांतर प्रश्न. हिरव्या चहातलं काहीतरी त्वचेचा कर्करोग अडवतं असं सारखं वाचतो. आमचा दूध घालून उकळलेला चालेल का? दिवसाला सहा कप होतात.

पेशीपुराण
तो पदार्थ ईजीसीजी. विस्कॉन्सिनच्या हसन मुख्तार यांनी उंदरांवर यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि उंदरांत फायदा छान दिसतो. माणसांत तेवढा ठाम पुरावा नाही. चहा आवडतो म्हणून प्या. सहा कपांतली साखर मात्र बघा.

सायकलवारी
डीएनएच्या गाठी सोडवणारं एखादं औषध थेट लावता येत नाही का? पंक्चर काढतो तसं?

पेशीपुराण
करून बघितलंय! एका विषाणूतलं टी-४ एंडोन्यूक्लिएज-५ नावाचं एन्झाइम स्निग्ध पदार्थाच्या बारीक गोळ्यांत भरून लोशन केलं. २००१ मध्ये झीरोडर्माच्या ३० रुग्णांना ते वर्षभर लावलं, तेव्हा कर्करोगाच्या आधीचे खरखरीत डाग ६८ टक्क्यांनी कमी निघाले. कल्पना खरी ठरली, पण सगळ्यांसाठीचं सर्रास औषध झालं नाही.

आणि एक गंमत. उजेड वापरून हीच गाठ एका झटक्यात सोडवणारं फोटोलायेज नावाचं एन्झाइम निसर्गात आहे. जिवाणूंत आहे, वनस्पतींत आहे, माशांत, पक्ष्यांत आहे. आपल्यासारख्या वारेच्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीत गमावलं. पोटाला पिशवी असलेल्या सस्तनांकडे मात्र राहिलं. म्हणजे रानजाईताईंच्या परसातल्या कांगारूकडे आहे, त्यांच्या यजमानांकडे नाही.

रानजाई
हे वाचून नवरा म्हणतो, पुढच्या जन्मी कांगारू! कान कापल्यापासून आज पहिल्यांदा एवढा हसला. पेशीपुराण, तुमचे किती आभार मानू.

कैरीचं_लोणचं
आता औषधांकडे येते, थोडं मोठं होईल.

हेजहॉग हे नाव माशीच्या अळीवरून आलं. तिच्यातलं ते जनुक बिघडलं की अळी साळिंदरासारखी काटेरी दिसते. माणसात हा वाढीचा निरोप कायमचा चालू राहिला की बेसल सेल नावाचा त्वचेचा दुसरा कर्करोग होतो. गॉर्लिन सिंड्रोममध्ये तो जन्मापासून बिघडलेला असतो, माणसाला शेकड्यांनी गाठी येतात. त्यांना हा निरोप अडवणारी विस्मोडेगिबची गोळी दिली तर वर्षाला सरासरी २९ नव्या गाठींऐवजी २ आल्या. एवढा जबरदस्त परिणाम मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पण स्नायूंत गोळे येतात, केस जातात, जिभेची चव जाते. निम्म्याहून जास्त जणांनी गोळी सोडली. जेवणाची चव गेलेला माणूस किती दिवस औषध घेणार? आणि रानजाई, तुमच्या यजमानांचा कर्करोग स्क्वॅमस सेलचा आहे, त्याला हे लक्ष्य लागू नाही.

कॉक्स-२ हे दाहाचं नाकं. ते अडवणाऱ्या सेलेकॉक्सिबचा प्रयोग २४० लोकांवर झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. खरखरीत डाग कमी झाले नाहीत, पण पुढचे कर्करोग कमी झाले. मात्र याच कुळातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून काढावं लागलं होतं. ही औषधं मूत्रपिंडालाही जड. एकच उसनं मूत्रपिंड असलेल्या माणसाला मी याचा विचारसुद्धा करू देणार नाही.

राहता राहिलं निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. ऊन लागल्यावर पेशीची शक्ती दुरुस्तीत संपते, ती हे भरून काढतं. उन्हाने त्वचेतला प्रतिकाराचा पहारा ढिला पडतो, तोही सावरतं. सिडनीच्या डायोना डेमियन यांनी ३८६ लोकांवर प्रयोग केला. सगळ्यांना आधीच्या पाच वर्षांत किमान दोन असे कर्करोग झालेले होते. रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम, वर्षभर. नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी. २०१५ साली हे आलं आणि जगभर त्वचारोगतज्ज्ञांना आनंद झाला, मलाही झाला. गोळी बंद केली की फायदाही संपतो, हेही त्यात दिसलं.

देवरुखकर
म्हणजे मी घेऊ का? आजच आणतो. नायसिन लिहिलेली बाटली दुकानात बघितली आहे.

कैरीचं_लोणचं
नायसिन वेगळं, निकोटिनामाइड वेगळं. नायसिनने तोंड लालबुंद होऊन अंगाची आग होते. आणि तुम्हाला एकही कर्करोग झालेला नाही, तुमच्यासारख्यांवर तो प्रयोगच नव्हता. टोपी घाला.

रानजाई
डॉक्टर, मग आमचं काय? त्याला एक कर्करोग झालाय, दोन डाग गोठवलेत. सुरू करू ना?

पेशीपुराण
ताई, थांबा. हे सांगताना वाईट वाटतंय. डेमियन यांच्याच गटाने पुढे प्रत्यारोपण झालेल्या १५८ लोकांवर हाच प्रयोग केला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात निकोटिनामाइडच्या गटात २०७ कर्करोग, बिनऔषधी गोळीच्या गटात २१०. काहीही फरक नाही. प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली असते तिथे नुसता पहारा सावरायला जीवनसत्त्व पुरत नाही, असं मला त्यातून वाटतं.

रानजाई
वाचलं. रात्रभर झोप नाही. म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही?

कैरीचं_लोणचं
आहे, रानजाई. म्हणूनच पहिल्या दिवशी थांबा म्हटलं होतं. तो सध्या नेमक्या कोणत्या गोळ्या घेतो? नावं लिहा.

रानजाई
अझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन. २००९ पासून तीच.

कैरीचं_लोणचं
अझाथायोप्रिन. याचा एक भाग डीएनएमध्ये जाऊन बसतो आणि साध्या डीएनएला जी युव्हीए सहसा लागत नाही, ती तो शोषून घेतो. त्यातून पेशीत विषारी ऑक्सिजन तयार होतो. २००५ मध्ये हे दाखवलं गेलं. खिडकीच्या काचेतून युव्हीए बरीच आत येते, म्हणून गाडी चालवतानाही लांब बाह्या हव्यात. तो रोज किती वेळ गाडी चालवतो?

रानजाई
दोन तास. इथे चालकाची खिडकी उजवीकडे. उजवा कान, उजवं मनगट. देवा.

पेशीपुराण
आता तुमच्या यादीतला शेवटचा शब्द, एमटॉर. पेशीला 'वाढ, फूग, दुप्पट हो' असं सांगणारा हा मोठा खटका. ऊन लागल्यावर तो चालू होतो आणि स्क्वॅमस सेलच्या गाठींतही चालू सापडतो. त्याला बंद करणारं औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. १९६४ मध्ये निघालेली कॅनडाची एक तुकडी तिथून मातीचे नमुने घेऊन आली होती. बेटाचं मूळ नाव रापा नुई, म्हणून रापामायसिन, म्हणजेच सिरोलिमस. भारतीय वंशाचे सुरेन सहगल यांनी माँट्रियलला त्यावर काम केलं. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला, म्हणून आज हे औषध आहे.

आणि हेच औषध मूत्रपिंड टिकवण्यासाठीही वापरतात. एकाच गोळीत दोन्ही कामं!

कैरीचं_लोणचं
२०१२ मध्ये त्याचा अभ्यास आला. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण आणि त्वचेचा स्क्वॅमस सेल कर्करोग झालेले १२० रुग्ण. निम्म्यांची नेहमीची गोळी बदलून सिरोलिमस दिलं. दोन वर्षांत नवा कर्करोग सिरोलिमसवर २२ टक्क्यांना झाला, जुन्या गोळीवर ३९ टक्क्यांना. पण सिरोलिमसवाल्यांना गंभीर त्रासही जास्त झाले आणि जवळपास चौथ्या हिश्श्याला ते सोडावं लागलं. बदल लवकर, पहिल्याच कर्करोगानंतर केला त्यांना फायदा जास्त दिसला. तुमचा हा पहिलाच आहे.

हा निर्णय माझा नाही, तुमचाही नाही, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचा आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा. अझाथायोप्रिन बदलता येईल का? सिरोलिमस झेपेल का? आणि मनगटावर ५-फ्लुओरोयुरासिलचं मलम लावायचं का? अमेरिकेत माजी सैनिकांवरच्या अभ्यासात त्या मलमाने पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया लागणारे स्क्वॅमस सेलचे कर्करोग ७५ टक्क्यांनी कमी झाले होते. लावल्यावर कातडी लाल होऊन सोलते, घाबरू नका. आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. सासूबाईंचं मूत्रपिंड आहे ते.

सूर्यउपासक
माझा प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण हा धागा माझ्या प्रत्यारोपण झालेल्या मेव्हण्याला पाठवला आहे.

मुक्ताई७१
आईला दाखवून आणलं. तुकडा तपासला, कर्करोग नाही. डॉक्टरांनी नाडी बदलायला सांगितली. आईने रागाने का होईना, सगळ्या परकरांना रुंद पट्ट्या शिवून घेतल्या. कैरीताई, तुमच्यामुळे.

काजूबोंड
आजोबांना धागा वाचून दाखवला, इंग्रजीत सांगून. ते म्हणाले, मालीशवाल्या बायकांशी मी स्वतः बोलतो. आज त्यांच्या पाठीवरचे व्रण बघायला तिथल्या चौघी जमल्या होत्या.

रानजाई
सहा आठवड्यांनी लिहितेय.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी आमचा कागद शांतपणे वाचला. कैरीताईंचे तीनही प्रश्न मी मराठीत लिहून नेले होते, खाली इंग्रजीत. त्यांनी विचारलं, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, आमच्या गावच्या पारावर. लघवीतून प्रथिनं जातात का ते तपासलं, जात नाहीत. मग अझाथायोप्रिन थांबवून सिरोलिमस सुरू केलं, अगदी थोड्या मात्रेने. दर आठवड्याला रक्त तपासायचं. तोंडात दोन दिवस छाले आले होते, आता कमी आहेत. मनगटावर मलम चालू आहे. कातडी भाजल्या वांग्यासारखी सोलतेय, पण सोललं तिथे खाली गुलाबी, मऊ कातडी दिसते.

गाडीच्या खिडक्यांना युव्हीए अडवणारी पारदर्शक फिल्म लावून घेतली. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर कान दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, मूत्रपिंड कसं आहे? तो म्हणाला, आई, ते छान आहे.

चांदणं, तुमच्या सनस्क्रीनच्या मागणीचा अर्ज कोणी लिहिणार असेल तर पहिली सही माझी धरा. कोणाला द्यायचा ते सांगा.

चांदणं
मसुदा लिहायला घेतलाय. रविवारपर्यंत इथेच टाकते. पेशीपुराण आणि कैरीताई, तुम्ही दोघं तपासून द्याल का?

कैरीचं_लोणचं
देते. किंमत आणि महिन्याला किती ट्यूब लागतात ते आकड्यांत लिहा, शाळेच्या बाह्यांचा प्रसंगही घाला.